‘कमवा आणि शिका’चा खर्च कोणाच्या शिरावर?

(केंदूर, तालुका शिरूर येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



शिक्षणाविषयी बोलताना ध्येयाची भाषा भरपूर होते, पैशाची फार थोडी. ‘कमवा आणि शिका’ हे शब्द उच्चारले की टाळ्या पडतात, भिंतीवरच्या कर्मवीर भाऊराव पाटलांच्या छायाचित्राला हार घातला जातो. मात्र गेल्या महिन्याच्या कामाचा मोबदला मुलांच्या हाती पडला काय, असे कुणी विचारले तर तो माणूस सभेचा रसभंग करणारा ठरतो. आजच्या व्याख्यानाचा विषय हा रसभंगच आहे. श्रम करून शिकण्याची योजना चालवायला पैसा लागतो. तो कोण घालतो, कोण वाचवतो, आणि हिशेबाच्या वहीत न लिहिलेला खर्च अखेर कोणाच्या शिरावर जाऊन बसतो, हे पाहिल्याशिवाय अशा योजनेविषयी बरे किंवा वाईट मत देणे म्हणजे आंधळेपणाने कौल लावणे होय.

हा प्रश्न केंदूरला विचारण्यात विशेष औचित्य आहे. संत कान्हूराज पाठकांचे हे गाव पाण्याला पारखे झालेल्या पट्ट्यात येते. केंदूर-पाबळ भागातील गावांची पाण्याची मागणी कित्येक निवडणुकांत आश्वासन म्हणून वाजली आणि पुढच्या निवडणुकीसाठी शिल्लक राहिली. या गावांच्या एका अंगाला शिक्रापूर, सणसवाडी आणि रांजणगावचे कारखाने उभे राहिले. दुसऱ्या अंगाला, हाकेच्या अंतरावर, पाबळला विज्ञान आश्रम आहे. कोरडवाहू शेती, कारखाना आणि श्रमातून शिक्षणाचा एक गंभीर प्रयोग एवढ्या जवळ नांदताना क्वचितच दिसतात. इथला मुलगा महाविद्यालयात नाव घालतो तेव्हा या तिन्हींपैकी कोणीतरी त्याच्या शिक्षणाचा खर्च सोसत असते किंवा त्याच्या श्रमातून आपला खर्च वाचवीत असते.

प्रथम जुना हिशेब पाहू. भाऊरावांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. छत्रपती शाहू बोर्डिंगमध्ये सर्व जातींची मुले एका पंगतीला बसत, एकत्र स्वयंपाक करीत, जमीन खणत. ही कथा सर्वांना ठाऊक आहे. तिच्यातला जमाखर्चाचा भाग मात्र भक्तिभावाने सांगितला जातो आणि म्हणूनच नीट समजून घेतला जात नाही. बोर्डिंगची चूल पेटती ठेवण्यासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, अखेर मंगळसूत्रही विकले. याचा अर्थ असा की मुलांच्या श्रमातून बोर्डिंगचा सगळा खर्च भागत नव्हता. तूट होती, आणि ती एका स्त्रीच्या गळ्यातल्या सोन्याने, गावोगावच्या धान्याने, लोकांच्या वर्गणीने भरून काढली जात होती. ‘मुलांनी कष्ट केले आणि संस्था आपोआप उभी राहिली’ असे सांगणारे वक्ते मुलांच्या कष्टांचा गौरव करतात, परंतु लक्ष्मीबाईंचा खर्च खात्यातून पुसून टाकतात. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले तेव्हाही श्रमाची जोड हे शिक्षणाचे अंग होते. ते शासनाच्या जबाबदारीला दिलेले सोडचिठ्ठीपत्र नव्हते.

नेमका हाच वाद १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत झडला होता. गांधीजींची कल्पना अशी की मुलांच्या हस्तोद्योगातून शाळेचा चालू खर्च बऱ्याच अंशी निघावा. समाजवादी अर्थशास्त्रज्ञ के. टी. शहा यांनी स्वावलंबनाच्या या अटीला हरकत घेतली. पुढे झाकीर हुसेन समितीने योजनेचा आराखडा केला. त्या समितीनेही आर्थिक बाजूवर भर देताना शैक्षणिक उद्दिष्टाचा बळी जाण्याचा धोका स्पष्टपणे नोंदवला होता. उत्पादनाचा आकडा हाच शिक्षकाच्या यशाचा मापदंड झाला की वर्गाची कार्यशाळा होते आणि कार्यशाळेचा वेठबिगारीचा अड्डा व्हायला फार वेळ लागत नाही. सुमारे नव्वद वर्षांपूर्वीची ती सूचना आज अधिकच लागू पडते, कारण गांधीजींसमोर टकळी होती आणि आजच्या विद्यार्थ्यासमोर तीन पाळ्यांत चालणारा कारखाना आहे.

पाश्चात्त्य देशांत या पद्धतीला ‘कोऑपरेटिव्ह एज्युकेशन’ म्हणतात. नावात सहकार असला तरी साखर कारखान्याच्या सहकाराशी तिचे नाते नाही. इथे सहकार आहे तो विद्यापीठ आणि मालक यांच्यातला, आणि विद्यार्थी त्यात भागीदार आहे की कच्चा माल, हे ज्याचे त्याने ठरवावे! हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात सत्तावीस विद्यार्थी घेऊन ही पद्धत सुरू केली. मुले आळीपाळीने काही काळ वर्गात आणि काही काळ कारखान्यात असत. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठ १९५७ साली याच पायावर उभे राहिले. तिथल्या हिशेबात एक गोष्ट घेण्याजोगी आहे. कामाच्या काळातले वेतन मालक देतो, आणि मुलांना काम शोधून देणे, मालकांशी संपर्क ठेवणे यासाठी विद्यापीठ जे शुल्क घेते ते शिक्षणशुल्कात न मिसळता वेगळे दाखवले जाते. शुल्क भारी आहे की हलके, यावर तिथले विद्यार्थी भांडतात. परंतु भांडायला आकडा समोर असतो. भारतात पिलानीच्या बिट्स संस्थेने १९७३ मध्ये ‘प्रॅक्टिस स्कूल’ सुरू केले तेही याच धर्तीचे. आपल्या ग्रामीण महाविद्यालयात तो आकडाच समोर नसतो. विद्यार्थी भांडला तर कोणाशी आणि कशावरून, हेच त्याला कळत नाही.

आता आपल्या महाविद्यालयाच्या दारात येऊ. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची ‘कमवा व शिका’ योजना कर्मवीरांच्याच नावाने चालते. विद्यार्थ्याने शिकता शिकता दिवसाचे दोन-तीन तास काम करावे आणि तासाच्या दराने मोबदला घ्यावा, असे तिचे स्वरूप आहे. ग्रंथालयात पुस्तके लावणे, बागेची निगा, कार्यालयीन नोंदी, प्रयोगशाळेची मदत अशी कामे असतात. हिशेब समजण्यापुरते एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, चाळीस विद्यार्थी आहेत, रोज तीन तास, महिन्याला पंचवीस दिवस आणि तासाला ५० रुपये. एका विद्यार्थ्याला महिना ३,७५० रुपये मिळतील. महाविद्यालयाचा महिन्याचा खर्च १ लाख ५० हजार आणि आठ महिन्यांच्या सत्रांचा १२ लाख रुपये. आता धरून चालू की महाविद्यालयाने आधी पैसे द्यायचे, बिले पाठवायची आणि चार महिन्यांनी परतावा यायचा. म्हणजे कोणत्याही वेळी ६ लाख रुपये अडकलेले राहतील. शहरातले श्रीमंत महाविद्यालय ही रक्कम सहज फिरवील. तालुक्याच्या आडगावातल्या महाविद्यालयाकडे एवढी शिल्लक कुठून असणार? तिथे मग एकच मार्ग उरतो. परतावा येईपर्यंत मुलांनी थांबायचे.

थांबायचे, हा शब्द उच्चारायला सोपा आहे. खानावळवाला थांबत नाही. खोलीचा मालक थांबत नाही. परीक्षेच्या अर्जाची मुदत तर मुळीच थांबत नाही. ज्या मुलाला ३,७५० रुपयांची निकड आहे तोच मुलगा चार महिन्यांचे १५ हजार रुपये संस्थेला बिनव्याजी कर्जाऊ देतो, असा याचा अर्थ होतो. सावकार व्याज तरी सांगतो! गरीब विद्यार्थ्याने संस्थेचे भांडवल पुरवायचे आणि त्यालाच ‘लाभार्थी’ म्हणायचे, हा शब्दांचा विपर्यास आहे. उपाय अगदी साधा, आणि साधा असल्यामुळेच दुर्लक्षित: फिरता निधी. वर्षाच्या आरंभी दोन-तीन महिन्यांच्या मोबदल्याइतकी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवायची, त्यातून दर महिन्याच्या ठरावीक तारखेला मुलांचे पैसे द्यायचे आणि परतावा आला की निधी पुन्हा भरायचा. ही रक्कम आगाऊ देणे विद्यापीठाला जड नाही. परताव्याला उशीर झाल्यास झळ विद्यापीठाला बसेल, आणि झळ बसली की फायली हलतात, असा सर्वत्रचा अनुभव आहे.

कामाच्या स्वरूपाकडेही डोळेझाक करता येणार नाही. शिपायाची जागा रिकामी आहे, ग्रंथालय परिचर निवृत्त झाला, त्यांच्या जागी नेमणूक नाही. अशा वेळी तासाच्या दराने येणारी मुले संस्थाचालकाला देवदूत वाटली तर नवल नाही. परंतु कायम पदाचे काम विद्यार्थ्यांकडून करून घेतले की दोघांचे नुकसान होते. गावातल्याच कोणा गरजू माणसाची कायम नोकरी जाते, आणि विद्यार्थ्याच्या पदरी झाडू मारण्याव्यतिरिक्त शिक्षण पडत नाही. झाडू मारण्यात कमीपणा नाही. गाडगेबाबांच्या महाराष्ट्रात ते सांगायला नको. पण वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी तीन वर्षे केवळ झाडतच असेल तर त्या योजनेतला ‘शिका’ हा शब्द काढून टाकणे प्रामाणिकपणाचे होईल.

आता कारखान्याच्या फाटकाशी येऊ. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा ही या प्रकरणातली मूळ वही आहे. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर आणि पदविकाधारक तिच्यात आले, पुढे इतरही आले. शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही, असे हा कायदा स्पष्ट म्हणतो. म्हणून आरोग्य, सुरक्षा आणि कल्याणाच्या तरतुदी तेवढ्या लागू, अपघात झाल्यास भरपाईची जबाबदारी मालकावर, परंतु कामगार कायद्यांचे बाकीचे संरक्षण नाही. २०१४ मध्ये मालकाने कायदा मोडल्यास असलेली कैदेची शिक्षा काढून टाकण्यात आली, दंड तेवढा राहिला. २०१९ च्या नियमांनी तीस किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक केले. ही संख्या वाढली याचा आनंद मानावा, पण पंधरा टक्क्यांपर्यंत विनासंरक्षण मनुष्यबळ एखाद्या कारखान्यात कायम फिरते राहू शकते, हेही त्याच नियमातून निष्पन्न होते.

पैशाचा हिशेब असा. २०१९ साली पदवीधर शिकाऊ उमेदवाराचे किमान विद्यावेतन दरमहा ९,००० रुपये आणि पदविकाधारकाचे ८,००० रुपये ठरले. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवार प्रशिक्षण योजनेत या किमान रकमेचा अर्धा भार केंद्र सरकार उचलते. तीस पदवीधर उमेदवार घेणाऱ्या कारखान्याचा या दराने वर्षाचा विद्यावेतनाचा आकडा ३२ लाख ४० हजार होतो आणि त्यातले १६ लाख २० हजार सार्वजनिक तिजोरीतून जातात. सरकारने मदत देऊ नये असे नाही. जिथे खरे प्रशिक्षण आहे तिथे जरूर द्यावी. परंतु सार्वजनिक पैसा ज्या कारखान्यात शिरतो त्या कारखान्यातील प्रशिक्षणाची वही सार्वजनिक का असू नये? उमेदवाराला कोणत्या महिन्यात कोणते यंत्र शिकवले, कोणी शिकवले, वर्षाअखेर किती जणांना कायम केले, हे महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर लागले पाहिजे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१३ मध्ये ‘नीम’ नावाची योजना आणली होती. प्रशिक्षणाच्या नावाखाली उत्पादनाच्या साखळीवर कंत्राटी मजूर उभे केले जात आहेत, अशी तक्रार कामगार संघटना वर्षानुवर्षे करीत राहिल्या. ती योजना पुढे गुंडाळली गेली. योजना गेली, पण ती ज्या मोहातून जन्मली तो मोह गेलेला नाही. २०२४ साली राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णाला ६,०००, आयटीआय व पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये महिना देऊ केले. सहा महिन्यांचा काळ नंतर अकरा महिन्यांवर नेला. आणि पुढे काय, हा त्या तरुणांचा प्रश्न रस्त्यावर आला.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० साली आणि पुन्हा २०२५ मध्ये, पदवीच्या अभ्यासक्रमातच शिकाऊ उमेदवारी गुंफण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. म्हणजे पुढच्या काळात सत्राच्या सत्र विद्यार्थी कारखान्यात काढील. त्या सत्राचे पूर्ण शिक्षणशुल्क महाविद्यालय घेणार काय? घेणार असेल तर त्या काळात महाविद्यालय त्याच्यासाठी नेमके काय करते, किती प्राध्यापक किती वेळा कारखान्यात जाऊन त्याची विचारपूस करतात, त्यांचा प्रवासखर्च कोण देतो? हे प्रश्न अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वी विचारायचे असतात. नंतर विचारले तर ‘विद्यापीठाकडे विचारा’ हे ठरीव उत्तर मिळते.

आणि जो खर्च कोणत्याच वहीत नाही तो केंदूरच्या घरात आहे. कांदाकाढणीचे दिवस घ्या. घरातला कमावता हात महाविद्यालयात तीन तास काम करून, वरील काल्पनिक दराने, दीडशे रुपये मिळवतो. त्याच दिवशी त्याच्या जागी शेतात रोजाने माणूस लावावा लागला आणि समजा रोज चारशे रुपये पडला, तर घराला अडीचशे रुपयांचा खड्डा पडतो. मुलगा कमावून शिकतो असे जग म्हणते, आई मात्र खड्डा मोजते. मुलीचा हिशेब याहून वेगळा आहे. २०२३ पासून एसटीत स्त्रियांना अर्धे तिकीट झाले, हे चांगलेच झाले. परंतु सायंकाळची शेवटची गाडी चुकली तर अर्ध्या तिकिटाचा उपयोग नाही. दुसऱ्या पाळीतली शिकाऊ उमेदवारी मुलीला मिळाली आणि कारखान्याची गाडी गावापर्यंत येत नसेल, तर ती संधी कागदावर तिची असते, प्रत्यक्षात ती दुसऱ्या कोणाची तरी होते. प्रवास, जेवण आणि मुक्काम यांची तरतूद योजनेच्या अंदाजपत्रकात नसेल, तर त्या योजनेने गरिबांतल्या गरिबाला आणि मुलींना आधीच वगळलेले असते, कोणताही नियम न करता.

आता पाबळकडे पाहू. डॉ. श्रीनाथ कलबाग हे हिंदुस्थान लिव्हरमध्ये संशोधन करणारे शास्त्रज्ञ. मोठ्या पगाराची नोकरी सोडून त्यांनी १९८३ साली पाबळच्या माळावर विज्ञान आश्रम सुरू केला आणि २००३ मध्ये निधन होईपर्यंत मीराताईंसह ते तिथेच राहिले. शाळा सोडलेली मुले तिथे वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती-पशुपालन, अन्नप्रक्रिया, रक्ताची साधी तपासणी शिकतात. ही कामे सरावासाठी केलेली खोटी कामे नसतात. गावाला ज्याची गरज आहे तेच करायचे, आणि गावाने त्याचा मोबदला द्यायचा: कुणाचे फाटक, कुणाची पाण्याची टाकी, कुणाच्या विहिरीसाठी भूगर्भातील पाण्याची तपासणी. पाबळचे गोल घुमट त्यातूनच उभे राहिले. या भागाने त्यातून उचलावी अशी गोष्ट मात्र घुमटाहून साधी आहे. हाती घेतलेल्या वस्तूचा खर्च विद्यार्थी स्वतः काढतो. लोखंड किती, वीज किती, मजुरी किती, वाया गेले किती. जो विद्यार्थी फाटकाची किंमत काढू शकतो तो आपल्या श्रमाची किंमतही काढू शकतो, आणि असा विद्यार्थी फसवायला अवघड असतो. आश्रमाची पद्धत सगळ्या महाविद्यालयांना जशीच्या तशी लावता येईल असे मानण्याचे कारण नाही. निवासी, छोट्या आणि ध्येयवादी माणसांच्या बळावर चाललेल्या प्रयोगाचे अर्थकारण हजार विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयाला पेलत नाही. पण हिशेब विद्यार्थ्याच्या हाती देण्याला पैसा लागत नाही.

मग कार्यकर्त्यांनी धरायचे काय? महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे प्रत्येक संलग्न महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असते. वर्षातून किमान चार वेळा तिची बैठक व्हायला हवी, अंदाजपत्रक तिच्यासमोर यायला हवे, आणि विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी तिच्यात बसतो. बहुतेक गावांना ही समिती आहे हेच ठाऊक नसते, आणि ठाऊक असलेल्यांना तिथे संस्थाचालकांच्या चहापाण्यापलीकडे काही होत असेल असे वाटत नाही. शिरूर आणि दौंड तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी येत्या सत्रापूर्वी आपापल्या भागातील विद्यार्थी प्रतिनिधींना गाठावे आणि ‘कमवा व शिका’चे वेगळे खाते, फिरता निधी आणि दर महिन्याची मोबदल्याची ठरलेली तारीख हे तीन विषय बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर लेखी मागावेत. कारखान्यांत जाणाऱ्या मुलांसाठी करारपत्राची प्रत विद्यार्थ्याच्या हाती, त्याच्या भाषेत, कामावर जाण्याच्या आधी पडली पाहिजे. रांजणगावच्या कामगार संघटनांनी शिकाऊ उमेदवारांना आपले सभासद करून घेता येत नसेल तर निदान त्यांच्या तक्रारी नोंदवणारी वही आपल्या कार्यालयात ठेवावी. कायम कामगार आणि शिकाऊ मुलगा एकाच यंत्रावर उभे असतात. एकाच्या स्वस्त श्रमाने दुसऱ्याची मजुरी खाली ओढली जाते, हे संघटनेच्या जुन्या माणसांना समजावून सांगण्याची गरज नाही.

शेवटी तासांच्या नोंदीविषयी. हजेरीपत्रक आज कार्यालयाच्या कपाटात असते आणि सही विद्यार्थ्याची असते. ही नोंद दोन प्रतींत हवी. बँकेच्या पासबुकासारखे एक छोटे पुस्तक प्रत्येक विद्यार्थ्याकडे असावे. तारीख, काम, तास, पर्यवेक्षकाची सही, आणि महिन्याच्या अखेरीस मिळालेली रक्कम व मिळाल्याची तारीख. छपाईचा खर्च प्रत्येकी काही रुपये येईल. तो पहिल्या वर्षी कोणत्याही शाखेने वर्गणीतून उचलावा आणि केंदूर-पाबळच्या मुलांपासून सुरुवात करावी. जूनमध्ये प्रवेश सुरू होतात. त्याआधी मे महिन्यात पुस्तके छापून तयार पाहिजेत.